प्रवासासाठी झूम लेन्स निवडताना मांडलेला हिशेब

दिवे घाटात माउलींची पालखी चढत होती तेव्हा मी कठड्याला पाठ लावून, ओढणीच्या आडोशाने कॅमेऱ्याची लेन्स बदलत होते. वरच्या वळणावरून खाली पाहिले की घाटरस्ताभर पसरलेली वारकऱ्यांची पांढरी रांग दिसते. ती मला हवी होती आणि कॅमेऱ्यावर असलेली, त्याच्यासोबतच मिळालेली १८-५५ची किट लेन्स तिथवर पोचत नव्हती. म्हणून ५५-२५० चढवली. (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा लहान तितकी चौकट रुंद, मोठा तितके लांबचे जवळ.) ती चढवून डोळ्याला लावते न लावते तोच एक दिंडी हाताच्या अंतरावरून वर आली. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली, सत्तरीकडे झुकलेली एक बाई माझ्यासमोरच थांबली, पदराच्या टोकाने कपाळ पुसले आणि हसली. माझ्या चौकटीत तिचा एक डोळा, नाक आणि वृंदावनाची निम्मी कड एवढेच मावले. मागे सरकावे तर मागे दरी होती. मी लेन्स पुन्हा बदलेपर्यंत दिंडी पुढच्या वळणावर गेली होती आणि पावसाची भुरभुर सुरू झाली होती.

घरी येऊन फोटो संगणकावर उघडले तेव्हा आकाश असलेल्या प्रत्येक फोटोत उजवीकडे वर, नेमक्या त्याच जागी, एक करडा ठिपका होता. घाटात लेन्स काढली त्या अर्ध्या मिनिटात सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर, धूळ बसली होती. ठिपका पुसता येतो, पण पांढऱ्या ढगांवरचा ठिपका दोनशे फोटोंतून एकेक करून पुसून पाहिला की प्रवासात लेन्स बदलायची नाही हा निश्चय आपोआप होतो. डिसेंबरात वेरूळ आणि अजिंठा करायचे घरात ठरले होते. त्याआधी दोन लेन्सांच्या जागी एक झूम लेन्स आणायची, आणि ती कोणती याचा निर्णय नीट विचार करून घ्यायचा, असे मी ठरवले.

माझ्याकडे कॅननचा २००डी हा लहान डीएसएलआर आहे. बॅटरी आणि कार्ड धरून त्याचे वजन ४५३ ग्रॅम भरते, आणि मुख्यतः त्या हलकेपणासाठीच मी तो घेतला होता. त्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे लेन्सवर लिहिलेल्या आकड्याला १.६ने गुणले की फिल्मच्या हिशेबातला आकडा मिळतो; म्हणजे १८ मिलिमीटरची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर साधारण २९ची होते आणि २५०ची ४००ची. सल्ले भरपूर मिळाले. त्यांतला सर्वांत आवडता सल्ला, कॅमेराच बदलून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा, घ्या हा, मी खर्चाकडे पाहून पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. साताऱ्याला लग्नांचे फोटो काढणारा माझा आतेभाऊ म्हणाला, "ताई, २.८ची लेन्स घे. बाकी सगळी तडजोड." २.८ची म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी; हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. ऑफिसातले एक सहकारी नेमके उलट बोलले: १८ ते ३००पर्यंत जाणारी एकच लेन्स घ्या, कॅमेऱ्यावर चढवा आणि विसरून जा. दोघेही आपापल्या कामाच्या अनुभवातून बोलत होते, आणि माझे काम त्या दोघांच्याही कामासारखे नव्हते, हे माझ्या बरेच उशिरा लक्षात आले.

हिशेब तपासणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी प्रथम आकडे काढले. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तो कोणत्या फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सच्या कोणत्या मिलिमीटरच्या आकड्याला काढला, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे लेन्समधले भोक) किती होते, शटर किती वेळ उघडे होते, हे सगळे नोंदलेले असते. गेल्या तीन वर्षांतल्या प्रवासांचे मी ठेवलेले फोटो, म्हणजे काढून टाकलेले नव्हेत, घेतले आणि त्यांच्या फोकल लेंग्थ एका तक्त्यात भरल्या. दोन संध्याकाळी गेल्या. जे चित्र समोर आले ते मला अपेक्षित नव्हते. १८वर मोठा ढीग होता, ५५वर दुसरा आणि या दोहोंच्या मध्ये पातळ पसारा. ५५च्या पुढे १३५पर्यंत बऱ्यापैकी वर्दळ होती, पण १५०च्या पुढे जवळजवळ सगळे पक्षीच होते, आणि तेही बहुतेक भिगवणच्या एका सहलीतले.

पहिल्या वाचनात मी या तक्त्याचा अर्थ चुकीचा लावला. १८वर इतके फोटो आहेत, तेव्हा १८पासून सुरू होणारी लेन्स मला पुरते, असे मी समजले. पण खतावणीत एखादी रक्कम बरोबर मर्यादेच्या आकड्यावर वारंवार येऊन थांबत असेल, तर तपासनिसाने सावध व्हायचे असते. खर्च तेवढा होता असे त्यातून सिद्ध होत नाही, मर्यादा तिथे होती एवढेच सिद्ध होते. ५५वरचा ढीगही तसाच होता. तिथे किट लेन्सचे झूमचे फिरते कडे अडत होते, माझी इच्छा तिथे संपत नव्हती. काढलेल्या फोटोंवरून न काढता आलेल्या फोटोंचा पत्ता लागत नाही, ही साधी गोष्ट मला त्या दोन ढिगांनी शिकवली.

म्हणून पुढच्या रविवारी वाईला जाताना मी मुद्दाम फक्त १८-५५ घेतली आणि एक छोटी वही. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात, तिथल्या घाटावर आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा ज्या मंदिराजवळ टांगलेली आहे तिथे, जिथे जिथे लेन्स अपुरी पडली तिथे तिथे मी वहीत एक ओळ लिहिली: काय हवे होते, आणि लेन्स कोणत्या बाजूने कमी पडली. संध्याकाळी वही वाचली. लांबचे जवळ न आल्याची तक्रार चार वेळा होती. मागे सरकायला जागा नसल्याची तक्रार अकरा वेळा होती: वाड्याचा चौक, जिना आणि वरचा सज्जा एका चौकटीत येईना, घंटा घेतली तर मागचे शिखर तुटायचे, नदीकडून घाटाच्या पायऱ्या घ्याव्यात तर मी पाण्यात उभी राहिले असते. आपल्याकडच्या जुन्या वास्तूंची जागा अशीच असते. चौक चौकोनी, वाट अरुंद, देवळासमोर लगेच ओवरी. आणि मी फिरते ती बहुतेक अशाच ठिकाणी.

तरीही सल्ले तपासल्याशिवाय टाकून द्यायचे नाहीत म्हणून मी एका शनिवार-रविवारसाठी पुण्यातल्या एका दुकानातून १८ ते ३००च्या टप्प्यातली एक लेन्स भाड्याने आणली. आधारची प्रत आणि अनामत रक्कम दिली की असे सामान दिवसाच्या भाड्याने मिळते, आणि महागडी वस्तू घेण्यापूर्वी हा खर्च मी फुकट गेला असे मानत नाही. त्याच वेळी आतेभावाने त्याची सिग्मा १७-५० एफ/२.८ साताऱ्याहून पाठवली. दोन्ही लेन्स घेऊन मी सकाळी जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला गेले. परीक्षेसाठी ही जागा उत्तम आहे. अंगणात कडक ऊन, मधोमध गोल नंदीमंडप आणि आत आठव्या शतकात कोरलेल्या लेण्यात सरळ, चौकोनी खांबांच्या रांगा. वेरूळचा सराव पुण्यात करायचा असेल तर याहून जवळची जागा नाही.

भाड्याच्या लेन्सने पहिल्या तासातच मला अस्वस्थ केले. तिचे झूमचे कडे माझ्या लेन्सच्या उलट दिशेने फिरत होते, त्यामुळे जवळ आणायला गेले की लांब जायचे. ही सवयीची बाब म्हणून सोडून दिली. पण कॅमेरा खाली तोंड करून गळ्यात लोंबकळत असला की लेन्स स्वतःच्या वजनाने हळूहळू लांब होत जाई आणि चार पावले चालले की पुढच्या माणसाच्या पाठीला टेकेल इतकी बाहेर येई. १८वर घेतलेल्या फोटोत लेण्याचे बाजूचे खांब पोट सुटल्यासारखे फुगलेले दिसत होते. हा दोष फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच अंशी जातो, पण तो काढताना कडांची थोडी चौकट खर्ची पडते, आणि कडाच मला हव्या होत्या. सगळ्यांत आश्चर्य ३०० या आकड्याचे वाटले. नंदीच्या तोंडाचा फोटो साधारण मीटरभरावरून भाड्याच्या लेन्सने ३००वर घेतला, आणि मग थोडे मागे जाऊन माझ्या ५५-२५०ने घेतला. मागून घेतला असूनही माझ्या जुन्या लेन्समधला नंदी मोठा दिसत होता. पुष्कळशा झूम लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस करताना आतून आखडतात. कड्यावरचा ३००चा आकडा दूरच्या डोंगरापुरता खरा असतो, हातभर अंतरावरच्या शिल्पाला तो लागू पडत नाही. पक्ष्यांसाठी ती लेन्स कुणी घेतली तर मी हरकत घेणार नाही. मला शिल्पे टिपायची होती.

सिग्माची गोष्ट वेगळी होती. लेण्याच्या आत, पिंडीजवळच्या अंधारात तिने जे दिले ते पाहून आतेभावाचे म्हणणे पटले. एफ/५.६च्या तुलनेत एफ/२.८ म्हणजे चौपट प्रकाश. जिथे किट लेन्सला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) ३२०० लागत होता तिथे हिला ८०० पुरत होता, आणि सावलीतला दगड दाणेदार न दिसता दगडासारखा दिसत होता. पण वजन ५६५ ग्रॅम आणि पल्ला ५०वर संपलेला. माझ्या तक्त्यातला ५५वरचा ढीग तिने ५०वर आणून ठेवला असता, इतकेच. शिवाय मला एक भेद नीट समजून घ्यावा लागला. मोठ्या अ‍ॅपर्चरमुळे शटर लवकर मिटते आणि हलणारा माणूस स्पष्ट येतो. लग्नात नवरा-नवरी, करवल्या, भटजी सगळे हलत असतात, म्हणून माझ्या भावाचे पोट त्या २.८वर चालते. लेन्समधले स्थिरीकरण मात्र फक्त माझ्या हाताची थरथर सावरते, समोरच्याची हालचाल नाही. आणि अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी हलत नाही. गेली पंधराशे वर्षे तो मान तिरपी करून उभा आहे, माझ्यासाठी सेकंदाचा पाचवा हिस्सा आणखी उभा राहील. स्थिर वस्तूंसाठी चांगले स्थिरीकरण मिळाले तर अ‍ॅपर्चरवर थोडे पाणी सोडता येईल, या निष्कर्षावर मी पाताळेश्वराच्या पायरीवर बसून आले.

आता निवड स्थिरीकरण असलेल्या दोन लेन्सांवर आली. एक कॅननची १८-१३५, २०१६ साली आलेली, ५१५ ग्रॅमची, फोकस झटकन आणि आवाज न करता करणारी. दुसरी कॅननचीच पण जुनी, २००९ सालची १५-८५, वजन ५७५ ग्रॅम. कागदावर पहिली सरळ जिंकते: नवी, हलकी आणि ५० मिलिमीटरने लांब. दुसरीच्या बाजूने काय, तर रुंद टोकाला तीन मिलिमीटर. दुकानातल्या काकांनी तर "तीन मिलिमीटरसाठी कुणी जुनी लेन्स घेतं का?" असे विचारून विषय संपवला होता.

मिलिमीटरच्या मापाने पाहिले तर त्यांचे बरोबर होते. पण चौकटीत काय मावेल हे कोनावर ठरते. माझ्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरला तिरप्या मापाने साधारण ७४ अंशांचा देखावा येतो आणि १५ला साधारण ८४ अंशांचा. रुंद टोकाचे तीन मिलिमीटर म्हणजे दहा अंश, आणि अरुंद चौकात दहा अंश म्हणजे डावीकडचा जिना आणि उजवीकडचा सज्जा. उलट लांब टोकाला ८५ आणि १३५ यांमधला फरक मला नंतर कात्रीने भरून काढता येत होता. माझा कॅमेरा ६००० बाय ४००० बिंदूंचा फोटो देतो. ८५वर काढलेल्या फोटोतून १३५च्या चौकटीएवढा भाग कापला तर सुमारे ३७८० बाय २५२० बिंदू उरतात, म्हणजे साडेनऊ मेगापिक्सेल. ए-फोर कागदावर इंचाला ३०० बिंदू या दराने छापायला ३५०८ बाय २४८० लागतात. तेवढ्यात बसते, जेमतेम का होईना. माझे फोटो घरच्या भिंतीवर आणि नातेवाइकांच्या मोबाइलवर जातात. त्यांना त्याहून जास्त लागत नाही. मात्र चौकटीबाहेर राहून गेलेला सज्जा कोणत्याही कात्रीने आत आणता येत नाही. दोन-तीन फोटो शेजारी शेजारी काढून जोडण्याचा उपाय मी मेणवलीला करून पाहिला होता. जवळच्या खांबाला मध्येच खांदा फुटला आणि एक मुलगा फोटोत दोनदा आला.

हे गणित मांडल्यावर मी १५-८५ शोधायला लागले. नवीन मिळेना, म्हणून वापरलेली घ्यायची ठरवली आणि कोथरूडला राहणाऱ्या एका गृहस्थांकडे ती सापडली. वापरलेली लेन्स घेताना पुण्यात, आणि कोकणात तर विशेषच, सर्वांत आधी बुरशी पाहावी. मी सोबत लहान विजेरी नेली होती. लेन्सची दोन्ही झाकणे काढून मागून प्रकाश टाकला आणि पुढून तिरपे पाहिले; बुरशी असेल तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. धूळ दोन-चार कण होती, ती असतेच आणि फोटोत दिसत नाही. मग कॅमेऱ्याला लावून त्यांच्या सोसायटीच्या काळ्या दगडी कुंपणभिंतीचा फोटो घेतला, कॅमेरा भिंतीला अगदी समांतर धरून, १५वर, ३५वर आणि ८५वर. चारही कोपऱ्यांतले दगडांच्या सांध्यांचे सिमेंट पडद्यावर मोठे करून पाहिले. एकच कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता असते आणि ती घेऊ नये. चारही कोपरे सारखे होते. ते गृहस्थ शांतपणे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, मुलगी बघायला आल्यासारखं चाललंय तुमचं." मूळ पावतीवरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, आणि व्यवहार झाला.

वेरूळला आम्ही बुधवारी गेलो, कारण तिथली लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. सकाळी कैलासाच्या, म्हणजे सोळाव्या लेण्याच्या दारातून आत शिरलो आणि गजलक्ष्मीला वळसा घालून अंगणात आलो. हे अंगण सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे, पण मधली बहुतेक जागा देवळानेच व्यापलेली असल्यामुळे माणसाला वावरायला देऊळ आणि कातळ यांमधली पट्टीच उरते. दगडी हत्ती, त्यामागचा ध्वजस्तंभ आणि त्याच्या टोकामागे देवळाचा वरचा मजला हे तिन्ही मला एकत्र हवे होते. पाठ कातळाला टेकवली, गुडघे वाकवले, कडे १५वर नेले. स्तंभाचे टोक चौकटीत आले आणि वर बोटभर आकाशही राहिले. मग मुद्दाम १८वर करून पाहिले: टोक गेले. तेवढे पाहून मी पुन्हा १५वर आले. दक्षिणेकडच्या बाजूला कैलास हलवणारा रावण खोल सावलीत आहे. तिथे ८५वर जाऊन त्याचे हात आणि पाठ घेतली, आणि लेन्स न काढता दोन्ही झाले. दुपारी बाजूच्या टेकडीवरून वर चढून लेणे वरून पाहिले, तेव्हा मंडपाच्या छतावरचे सिंह जवळ आणायला ८५ थोडे कमी पडले हेही नोंदवायला हवे. ते फोटो घरी कापले.

अजिंठ्यात पहिल्या लेण्याबाहेर बूट काढून आत गेल्यावर काही मिनिटे काहीच दिसत नाही, मग हळूहळू भिंती उजळू लागतात. फ्लॅशला बंदी आहे आणि तिपाईही चालत नाही. पद्मपाणीसमोर मी ५० मिलिमीटरवर होते, अ‍ॅपर्चर एफ/५, आयएसओ ३२००. कोपरे बरगड्यांना दाबून, अर्धा श्वास सोडून, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याला सहा फोटो घेतले. दोन स्पष्ट आले, एक बरा, तीन हलले. सिग्मा असती तर आयएसओ हजाराच्या आसपास राहिला असता आणि सावलीतला निळसर हिरवा रंग अधिक स्वच्छ आला असता. तो तोटा मी फोटो पाहताना अजूनही मोजते. मात्र त्याच लेण्यातून बाहेर येऊन वाघोरा नदीच्या पलीकडे दिसणारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा त्याच लेन्सने एका फोटोत घेता आला, आणि सव्विसाव्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध डोक्यापासून पायांपर्यंत, खांबांच्या अलीकडे उभे राहून, कुठेही न तोडता मिळाला. ५५-२५० चार दिवस हॉटेलच्या कपाटात होती.

परत आल्यावर सहलीचे फोटो निवडून झाले तसे मी तोच तक्ता उघडला आणि नवे आकडे भरले. २४ ते ७०च्या मधला भाग आता भरून आला आहे, ८५वर लहानसा ढीग आहे आणि ५५वरचा नाहीसा झाला आहे. १८वर मोजून चार फोटो आहेत. सर्वांत मोठा ढीग १५वर आहे. आतेभावाला तक्ता पाठवला तर त्याचे उत्तर आले, "ताई, १०-१८ बघ. २४० ग्रॅमचीच आहे."